पान सत्तेचाळीस

सकाळी साडेनऊला शाहिस्तानं मुरुम गावातल्या प्रकाशनाच्या कचेरीतला संगणक चालू केला आणि रोजच्या सवयीनं आधी ब्लॉगवरच्या कमेंट उघडल्या. तीन नवीन होत्या. दोघांनी नुसतं छान म्हटलं होतं. तिसरी बेंबळीच्या कोंडीरामची होती, पंधरा मिनिटांपूर्वीची.

"ताई, तुमच्या शेळीच्या पुस्तकात पान सत्तेचाळीसवर जंताचं औषध एक किलो वजनाला एक एमएल लिवलंय. ब्लॉगवर तुम्हीच दहा किलोला एक एमएल लिवलंय. खरं कंचं? शेळ्या उपाशी बांधून ठेवल्यात, आज पाजायचंय."

शाहिस्तानं आधी उत्तर टाकलं. "थांबा. पाजू नका. ब्लॉगवरचं बरोबर आहे." मग उठून तिनं फडताळातून पुस्तक काढलं. पान सत्तेचाळीस. तक्ता तिनंच बसवला होता. पहिल्याच ओळीत छापलं होतं, १ किलो.

तिनं रामकिसनकाकांच्या हस्तलिखिताची फाईल काढली. तिथं १० किलो होतं. तपासून सही झालेल्या प्रुफावरही १० किलोच. मग तिला आठवलं. सही झाल्यावर तक्ता पानाबाहेर जातोय म्हणून तिनं रकाना बोटभर आवळला होता. शून्य खालच्या ओळीत गेलं असणार आणि चौकटीच्या कडेखाली झाकलं असणार. एवढ्याशासाठी परत कुणाला काय दाखवायचं, असं म्हणून तिनं फाईल छापायला धाडली होती. ब्लॉगवरचा मजकूर मात्र तिनं मूळ हस्तलिखितावरून घेतला होता, म्हणून तो बरोबर राहिला.

तिनं रामकिसनकाकांना फोन लावला. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. बत्तीस वर्षांचा अनुभव त्यांनी त्या पुस्तकात ओतला होता. तिनं चूक सांगितली. पलीकडं ते पुटपुटत हिशेब करत होते.

"पंचवीस किलोच्या शेळीला पंचवीस एमएल," ते शेवटी म्हणाले. "शाहिस्ता, ती शेळी वाचायची न्हाय. आन् पाऊस उघडलाय. हे आठ दिवस समदे औषधच पाजत्यात."

पुस्तकाच्या नऊशे प्रती बाहेर गेल्या होत्या. खताच्या दुकानांतून, आठवडी बाजारांतून, एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांतून. कुणी घेतल्या, कुणाच्या घरी गेल्या, याची नोंद कुठंच नव्हती. पुस्तकाचा धंदा असाच असतो. गिऱ्हाईक पिशवीत पुस्तक घालून गर्दीत शिरलं की गेलं.

मल्लिकार्जुनअप्पा दहाला आले. 'नांगरट प्रकाशन' त्यांचं. शिशाचे खिळे हातानं जुळवून छपाई व्हायची तेव्हापासून त्यांनी शेतकऱ्यांसाठी लहान लहान पुस्तकं काढली होती. ब्लॉग मात्र शाहिस्ताचा हट्ट. दर गुरुवारी ती पुस्तकातला एक तुकडा तिथं टाकायची, खाली लोक प्रश्न विचारायचे आणि रामकिसनकाका फोनवर सांगतील ती उत्तरं ती लिहायची. सहाशेच्या वर लोकांनी आपले मोबाईल नंबर देऊन ठेवले होते. नवीन लेख आला की त्यांना निरोप जायचा. अप्पा त्याकडं फारसं बघत नसत.

तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. चूक कुणी केली तेही.

अप्पांनी पुस्तक हातात घेतलं, पान बघितलं, चष्मा काढला. "दुकानदारांना फोन लाव. पुस्तकं उचलायला सांग. दुरुस्तीची चिठ्ठी छापू आन् आत चिकटवू."

"दुकानात शंभर असतील अप्पा. बाकीच्या घरोघर गेल्यात."

"मग?"

"ब्लॉगवर टाकते. सहाशे लोकांना आत्ता निरोप जाईल."

अप्पा खुर्चीत बसले. "तिथं टाकलं की जिल्हाभर होतं. परत आवरता येत न्हाय. एवढी वर्षं लोक आपल्या पुस्तकावर डोळे झाकून चालले."

"म्हणूनच भीती वाटते मला," शाहिस्ता म्हणाली. "आताही डोळे झाकूनच पाजतील."

अप्पांनी पुन्हा ते पान उघडून बघितलं. भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून सात मिनिटं दाखवत होतं. ब्लॉगचा पासवर्ड एकट्या शाहिस्ताकडं होता, त्यांना न विचारता ती टाकू शकली असती. तसं करायचं तिनं मनाशी ठरवलंही. आणखी पाच मिनिटं बघायची, मग टाकायचं, नोकरी गेली तर गेली. ती लिहायला बसली. "आमच्या वाचकांची क्षमा मागून कळवते की माझ्या हातून एक गंभीर चूक झाली आहे..."

अप्पा मागं येऊन उभे राहिले कधी, तिला कळलं नाही.

"माफी वर नको," ते म्हणाले. "शेळी पाजणारा माणूस माफी वाचत बसत न्हाय. पहिल्या ओळीत पुस्तकाचं नाव आन् पान नंबर. दुसऱ्या ओळीत, औषध पाजू नका. मग बरोबर माप. माप आकड्यात लिही, अक्षरातपण लिही. माफी तळाला."

तिनं तसं केलं. तळाच्या ओळीत 'माझ्या हातून' होतं. अप्पांनी वाकून स्वतःच्या बोटानं ते पुसलं आणि एकेक कळ शोधत लिहिलं, "चूक नांगरट प्रकाशनाची आहे. मल्लिकार्जुन, प्रकाशक." शेवटी कचेरीचा फोन नंबर.

"अप्पा, चूक मी..."

"पुस्तकावर नाव कुणाचं हाय? धाड."

दहा वाजून सोळा मिनिटांनी लेख गेला. पहिली चार मिनिटं काहीच झालं नाही. मग कोंडीरामनं लिहिलं, "आमच्या गावातल्या गटावर टाकलं. तीन घरी पुस्तक हाय, तिघांना सांगितलं." त्यामागं एकेक गाव यायला लागलं. कुणी पानावर काट मारून फोटो पाठवला. कुणी विचारलं, अर्धं माप पाजलंय, काय करू. कचेरीतला फोन वाजायला लागला. अप्पा उचलत होते, नाव-गाव विचारून रामकिसनकाकांचा नंबर देत होते. एक माणूस वाट्टेल तसं बोलला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यालाही बरोबर माप सांगितलं.

पावणेअकराला पुण्याहून राजेश्वरी नावाच्या मुलीची कमेंट आली. "हे पुस्तक मी सोनारीला माझ्या आत्याला दिलं आहे. लक्ष्मीबाई. बारा शेळ्या आहेत. आज सकाळी पाजणार म्हणाली होती. फोन बंद लागतोय. कुणी आहे का तिकडे?"

सोनारी परंडा तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. इथून गाडी काढली तर पोचेपर्यंत दुपार कलली असती. तिनं लेखाच्या अगदी वर ठळक ओळ टाकली. सोनारीत किंवा जवळपास कुणी असेल तर तातडीनं लिहा. तेवढाच निरोप पुन्हा सहाशे जणांना.

दोन मिनिटं गेली. तीन गेली. अप्पा फोन कानाला धरून तिच्याकडं बघत होते. मग एक कमेंट उमटली.

"मी कलीम. परंड्यात गाडी दुरुस्तीचं दुकान आहे. सोनारीला निघालो. लक्ष्मीबाईचं घर कुठं ते सांगा."

राजेश्वरीनं लिहिलं, देवळाच्या मागच्या वाटेनं, शेवटचं पत्र्याचं घर. शाहिस्तानं कलीमला आपला नंबर दिला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. ती दुसऱ्या कमेंटना उत्तरं देत राहिली, एकेक आकडा दोनदा वाचत, आणि मध्येच मोबाईल उलटा करून बघत राहिली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन आला. वाऱ्याचा आवाज होता, शेळ्यांचा होता.

"पोचलो ताई. दोघींना पाजलंय. तिसरी धरली होती. एक पडलीय, तोंडाला फेस हाय. दुसरी थरथरतेय पण उभी हाय."

शाहिस्तानं रामकिसनकाकांना त्याच फोनवर घेतलं. ते सांगत गेले तसं कलीम करत गेला. सावलीत न्या, तोंडानं काही घालू नका, मान वर धरा. गावातल्या एकाला डॉक्टर आणायला पिटाळलं. मग मोबाईल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला.

"पुस्तक तूच छापलंस का बाई?"

"व्हय मावशी. मीच."

"दुकानदार म्हणला एवढं नसतंय औषध. म्या म्हणलं, पुस्तकात लिवलंय. म्या वाचून दाखवलं त्याला." लक्ष्मीबाईचा आवाज चढला नव्हता. "साठीला आले तवा वाचायला शिकले बग म्या."

शाहिस्ता फोन धरून बसली. पलीकडं लक्ष्मीबाई शेळीला नावानं हाका मारत होती.

पडलेली शेळी दुपारी गेली. दुसरी वाचली. संध्याकाळपर्यंत ब्लॉगवर आणि फोनवर मिळून पावणेतीनशे प्रतींचा पत्ता लागला. त्यांतल्या एकोणीस घरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी औषध पाजायचं ठरलं होतं. उरलेल्या प्रतींसाठी अप्पांनी वर्तमानपत्रांत जाहिरात दिली आणि बाजारच्या गावांत भोंगे फिरवले. ब्लॉग वाचणाऱ्यांनी तो लेख किती गावांच्या गटांवर फिरवला, ते मोजता आलं नाही. पंधरा दिवसांत आणखी कुठून शेळी दगावल्याचं कळलं नाही. न कळलेलं काही असेल का, हे शाहिस्ताच्या मनातून गेलं नाही.

नवी आवृत्ती छापायच्या आधी तिनं पुस्तकातले सगळे तक्ते ब्लॉगवर ठेवले आणि वाचकांना ताडून बघायला सांगितले. अकरा शंका आल्या. त्यांतल्या चार खऱ्या निघाल्या. एक तर रामकिसनकाकांच्या हस्तलिखितातच होती. काका संध्याकाळी फोन करून म्हणाले, "बरं झालं छापायच्या आधी सापडली."

पुस्तक छापून आल्यावर अप्पा आणि शाहिस्ता सोनारीला गेले. अप्पांनी एक गाभण शेळी बरोबर नेली होती. लक्ष्मीबाईनं शेळीचे दात बघितले, कास बघितली, दावणीला बांधली. चहा केला. निघताना शाहिस्तानं भीतभीत नवं पुस्तक पुढं केलं.

लक्ष्मीबाईनं ते घेतलं. ओसरीच्या उजेडात धरून, ओळीखाली बोट फिरवत तिनं तक्ता मोठ्यानं वाचला, सावकाश, एकेक आकडा. शाहिस्ता ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर वाचत होती.

"ठेवते," लक्ष्मीबाई म्हणाली. "पण डॉक्टरला दाखवल्याबिगर पाजणार न्हाय."

"दाखवाच मावशी," शाहिस्ता म्हणाली. "काही वेगळं सांगितलं त्यांनी, तर मला कळवा."

"राजेश्वरीला सांगते. ती लिवंल तुझ्या त्या ब्लॉगावर," लक्ष्मीबाई म्हणाली, आणि नव्या शेळीला पाणी दाखवायला उठली.