पौषातला बर्फ

मंजुळाबाईंना पार्कात जायचं आहे, हे घरात आधी कुणाला खरंच वाटेना. चिखलीच्या या बाईंनी जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा कधी पाय ठेवला नव्हता. पाळणा नुसता बघूनच त्यांना गरगरायचं. आणि आता साठी उलटल्यावर त्यांनी घाटाखालच्या त्या मोठ्या पार्काचं नाव काढलं होतं, तेही जेवताना, भाकरी मोडता मोडता, मटकीत मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या सहज.

मग जायचं कधी, यावरून पोरांनी घर डोक्यावर घेतलं. थोरली सून साधना म्हणाली मे महिना. शाळांना सुट्टी, आणि तिथे म्हणे बर्फाची खोली आहे, उन्हाळ्यात तेवढाच गारवा. नात उत्कर्षा नववीत, तिने मोबाइलवर शोधून जाहीर केलं की मे म्हणजे शुद्ध वेडेपणा, सगळा दिवस रांगेत जातो. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत जावं, डोंगर हिरवे असतात आणि गर्दी नसते. थोरला भीमराज चाकणला, गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. त्याला महिन्याशी देणंघेणं नव्हतं. महिना कुठलाही घ्या, वार गुरुवारच, एवढंच त्याचं म्हणणं. या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि बाकीचं जग त्या दिवशी कामावर असतं. म्हणजे पार्क आपल्या एकट्याचं. हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलला होता, की गुरुवारचा शोध त्यानेच लावला असावा.

मंजुळाबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पौषात जायचं."

भीमराजने कपाळाला हात लावला. ऐन थंडीत बर्फाच्या खोलीत कोण जातं? पण मंजुळाबाई हट्टाला पेटल्या की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. धाकटी सून विजयश्री तेवढी उठून ताटं उचलायला लागली.

हट्टामागचं कारण मंजुळाबाईंनी पोटातच ठेवलं होतं. कारण होतं त्यांचा धाकटा, रणजीत, विजयश्रीचा नवरा. तो फौजेत. सध्या वर कुठेतरी बर्फात, जागेचं नाव तो सांगायचा नाही. त्याची पंधरा वर्षं भरली होती. पेन्शन घेऊन घरी यायचं, की अजून काही वर्षांसाठी सही करायची, हे संक्रांतीनंतर कळवायचं होतं. आणि त्या पठ्ठ्याने सगळा भार आईवर टाकला. "तूच पाठवलंयस मला," तो फोनवर हसून म्हणाला होता, "आता तूच सांग, राहू का येऊ."

पाठवलं होतं हे खरं. चिखलीची जमीन बिल्डरांकडे गेली तेव्हा गावातली चांगली चांगली पोरं चौकात बसायला लागली. गळ्यात साखळी, बुडाखाली गाडी आणि दिवसभर काम काही नाही. रणजीतही त्यांच्यात उठबस करायला लागला, तसं मंजुळाबाईंनी एके दिवशी त्याला चौकातून बखोट धरून उठवलं होतं आणि पुढे भरतीला पाठवूनच दम घेतला होता. त्यांच्या मनाने तर ठरवलंच होतं: राहू दे तिथेच. तो परत येऊन पुन्हा त्या चौकात बसला तर, या एका भीतीने त्यांना झोप लागत नव्हती.

फक्त एका गोष्टीपाशी मन अडत होतं. थंडी कशी आहे, असं विचारलं की रणजीत दर वेळी तेच उत्तर द्यायचा. "काय न्हाई गं आई. आपल्या इंद्रायणीच्या काठाला पौषात असती, तेवढीच." तो हे इतक्या पटकन म्हणायचा, की मंजुळाबाईंना शंका यायची. लहानपणी मारामारी करून आला की अस्संच पटकन उत्तर द्यायचा. म्हणून त्यांना पौष हवा होता. इंद्रायणीची थंडी आणि बर्फाची थंडी एका दिवसात अंगावर घेऊन बघायची, आणि मगच काय ते सांगायचं.

त्या गुरुवारी उजाडता उजाडता त्या विजयश्रीला घेऊन नदीवर गेल्या. काठावर धुकं होतं, पलीकडच्या इमारती अर्ध्यापर्यंतच दिसत होत्या. मंजुळाबाईंनी चपला काढल्या, दगडावर उभ्या राहिल्या आणि वाकून पाण्यात हात घातला. गार होतं, चांगलं झोंबलं. पण लहानपणापासून ओळखीचं होतं ते. हात पदराला पुसला की ऊब परत येत होती.

"एवढं तर मानूस काढतंय," त्या म्हणाल्या. विजयश्री पाण्याकडे बघत राहिली.

घाट उतरून सगळे पार्काशी पोचले तेव्हा भीमराजचा चेहरा बघण्यासारखा झाला. पार्किंगमध्ये बसच बस, आणि प्रत्येक बसच्या काचेवर कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या सहलीचा कागद चिकटवलेला. भोसरी, तळवडे, चाकण. गुरुवारी जग कामावर असतं हा हिशेब साऱ्या पट्ट्याने केला होता आणि सारा पट्टा मोकळ्या पार्कात येऊन धडकला होता. तिकिटाच्या रांगेत भीमराजला त्याच्याच लाइनवरचे चौघे भेटले. "साहेब, तुमी पण?" एकाने विचारलं. पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवलेली उत्कर्षा इतकी हसली, की तिचं पोट खरोखर दुखायला लागलं.

भीमराज, साधना आणि उत्कर्षा झुल्यांकडे गेले. मंजुळाबाई थेट बर्फाच्या खोलीच्या रांगेत उभ्या राहिल्या. रांग मोठी होती, पण रांगेला त्या कधी घाबरल्या नाहीत. दाराशी पोचल्यावर तिथल्या पोराने जाड कोट दिला, बूट दिले, हातमोजे दिले. एका वेळी वीसपंचवीस माणसं, दहा मिनिटं, शिट्टी झाली की बाहेर. मंजुळाबाईंनी लुगड्यावर कोट चढवला आणि मागे वळून बघितलं. विजयश्री कोट हातात घेऊन तशीच उभी होती.

"तुमी जावा आई," ती म्हणाली. "मला न्हाई बघायचं."

का, हे विचारायला वेळ नव्हता. दार उघडलं होतं.

आत पांढरं होतं. मंजुळाबाईंनी जन्मभर दूध बघितलं, कापूस बघितला, पण या पांढऱ्यापुढे ते पिवळंच म्हणावं लागलं असतं. जमीन पांढरी, कोपऱ्यातले खोटे डोंगर पांढरे, आणि छतातून पिठासारखा बारीक बर्फ खाली येत होता, अजिबात आवाज न करता. हे सगळं यंत्राचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. भिंतीमागे कुठेतरी त्याची घरघर ऐकू येत होती. तरी त्यांचे पाय जागीच थांबले. तोंडातून वाफ निघत होती आणि ती आपलीच आहे हे कळायला त्यांना क्षणभर वेळ लागला. कोटाच्या बाहीवर एक कण येऊन बसला. त्याला नक्षी होती. एवढ्याशा कणाला नक्षी काढायला कुणाला सवड झाली असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि नकळत त्यांचे हात जोडले गेले. पार्कातल्या बर्फाला नमस्कार करणाऱ्या त्या पहिल्याच असाव्यात.

कंपनीची पोरं दंगा करत होती. बर्फाचे गोळे उडत होते, फोटो निघत होते. मंजुळाबाई एका कडेला खाली बसल्या, हातमोजा काढला आणि सकाळी नदीत घातलेला तोच हात बर्फात खुपसला.

आधी वाटलं भाजलंच. मग बोटं दुखायला लागली, आतून, हाडातून. आणि मग दुखणंही थांबलं, याचीच त्यांना जास्त भीती वाटली. बोटं हलवली तर ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी सावकाश हलली. शिट्टी झाली. शिफ्ट सुटावी तशी सगळी पोरं गडबडीत दाराकडे गेली आणि मंजुळाबाई मागे एकट्याच राहिल्या. दारावरच्या पोराने म्हातारं माणूस म्हणून थोडा वेळ काही म्हटलं नाही.

तेवढ्यात ती खोली खरी झाली. माणसांचा आवाज गेला आणि नुसता बर्फ पडत राहिला, सुंदर, शांत, कुणाची पर्वा नसलेला. हे असंच, पण भिंती नसलेलं, डोंगरच्या डोंगर. तिथे शिट्टी होत नाही. तिथे कोट परत करायचं दार नाही. आणि तिथे उभं राहून आपलं पोर फोनवर हसतं. त्यांना त्या बर्फाचं नवल वाटलं होतं, पण आता जे वाटलं ते त्याहून फार मोठं होतं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या पोराबद्दल होतं. ज्याला आपण बखोट धरून उठवलं, तो केव्हा एवढा झाला?

बाहेर विजयश्री कट्ट्यावर बसली होती. मंजुळाबाई शेजारी जाऊन बसल्या. हात अजून पांढराच होता. विजयश्रीने तो काही न विचारता आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागली, बोटांच्या टोकांपासून वर, सावकाश, कुणीतरी शिकवल्यासारखी.

"तुला ठाव होतं," मंजुळाबाई म्हणाल्या.

विजयश्रीने मान हलवली. "आईला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातली होती. गेल्या सुट्टीला आले तवा त्यांची दोन बोटं कामातनं गेली होती. तुमच्यासमोर खिशात हात घालून हिंडले."

मंजुळाबाईंना ते खिशातले हात आठवले. चौकातल्या पोरांसारखा काय खिशात हात घालून फिरतोस, म्हणून त्या त्याच्यावर ओरडल्या होत्या.

रणजीतचा फोन आला तेव्हा गाडी घाट चढत होती. त्याने आधी सगळ्यांची थट्टा केली, मग आईला विचारलं, झुल्यात बसलीस का.

"थंडी किती हाय रं तिकडं?"

"हाय की. आपल्या इंद्रायणीवानी."

"सकाळी इंद्रायणीत हात घातला व्हता," मंजुळाबाई म्हणाल्या. "दुपारी बर्फात घातला."

फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता.

"विजूनं सांगितलं व्हय?" रणजीतने विचारलं.

"तिनं शपथ पाळली. मीच बघून आले, दहा मिन्टं. तू ये आता. चौकात बसलास तर बसलास. उठवायला मी हाय."

तो काय म्हणतो हे ऐकायला त्या थांबल्या नाहीत. त्यांनी फोन विजयश्रीच्या हातात दिला आणि भीमराजला गाडीची काच वर करायला सांगितली.