भांडणाची फीत

मी चौथीला गणित शिकवते आणि माझ्या नाकावर राग असतो. दोन्ही गोष्टी शाळेत सगळ्यांना ठाऊक आहेत. म्हणून तर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, प्रशिक्षणाहून परतल्या तेव्हा नवी योजना त्यांनी आधी इतर सगळ्यांना सांगितली आणि मला सर्वांत शेवटी.

"बुद्धी एकाच प्रकारची नसते," त्या म्हणाल्या. "कुणाची शब्दांत चालते, कुणाची सुरांत, कुणाची हातापायांत, कुणाची माणसांत. ज्याची जिथे चालते, त्याला तिथूनच शिकवायचं."

मला पटलं, खोटं कशाला बोलू? फळ्यावर तेच ते वर्तुळ काढून त्याचे तुकडे करायचा मलाही वीट आला होता. पण मग बाईंनी पर्समधून रंगीत फितींची गुंडाळी काढली आणि माझं डोकंच फिरलं.

प्रत्येक मुलाच्या खांद्याला एक फीत. आकड्यांची निळी, गाण्याची पिवळी, चित्रांची हिरवी, हालचालीची केशरी, आणि आणखी कसल्या कसल्या. कुणाला कुठली हे ठरवायला मोठ्या बाई मधल्या सुट्टीत वरच्या गॅलरीत उभ्या राहिल्या आणि खाली मैदानात कोण काय करतंय ते बघून बोट दाखवत गेल्या. गुणगुणणारा तो पिवळा, मातीत रेघोट्या मारणारी ती हिरवी. एका सुट्टीत अख्ख्या शाळेचा निकाल! खेळाचे सर नेमके तेव्हा शीळ घालत होते, म्हणून त्यांनाही पिवळी मिळाली. तेव्हापासून बिचाऱ्यांची शीळच बंद झाली.

धाकटीला केशरी मिळाली. धाकटी आणि थोरली या माझ्या वर्गातल्या जुळ्या बहिणी. थोरली जेमतेम काही मिनिटं आधी जन्मली, पण तेवढ्यावरून तिला थोरली म्हणतात हा अन्याय धाकटीने अजून पोटात घातलेला नाही. बालवाडीपासून दोघी एका बाकावर. थोरली खिडकीकडे बसते आणि डावखुरी आहे, त्यामुळे लिहिताना तिचं कोपर धाकटीच्या वहीत. जागा बदला म्हटलं तर थोरली खिडकी सोडत नाही. मग रोज ढकलाढकली, आणि रोज माझा घसा कोरडा.

तर ही धाकटी वर्षअखेरीला अपूर्णांकांत आपटली. फेरपरीक्षेत पास झाली तर ठीक, नाहीतर थोरली पाचवीत आणि ती पुन्हा चौथीत. इस्त्रीचं दुकान चालवणारी दोघींची आई हातातलं काम टाकून शाळेत आली.

"बाई, घरात दिवसभर एकमेकींच्या झिंज्या उपटतात," ती म्हणाली. "पण परवापासून धाकटी जेवत नाही आणि ती जेवत नाही म्हणून थोरली जेवत नाही. काहीतरी करा हो."

मी धाकटीला बाजूला घेतलं. "काय गं, भीती वाटते?"

"मला नाही वाटत," ती म्हणाली. "पण तिच्याशेजारी दुसरी कुणीतरी बसेल ना." आणि खालच्या ओठाचा थरथराट लपवायला तिने मान वळवली.

नियम असा की ज्याची जी फीत, त्याच रीतीने शिकवणी आणि त्याच रीतीने परीक्षा. केशरी म्हणजे उड्या! मैदानातल्या फरशीवर खडूने रेघ आखून मी तिला अर्ध्यापर्यंत उडी, पाऊणपर्यंत उडी असं शिकवायला लागले. उड्या काय सुरेख मारायची पोरगी! पण अपूर्णांक जिथल्या तिथे. "बाई, शर्यत लावू या का?" एवढंच विचारायची. मोठ्या बाईंना म्हटलं, हिची फीत बदला. त्या म्हणाल्या, "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सुट्टीभर नुसती वाऱ्यासारखी धावत होती." त्यांच्या डोळ्यांपुढे माझं काय चालणार?

परीक्षेच्या दिवशी मोठ्या बाई स्वतः खुर्ची टाकून मैदानात बसल्या. थोरलीला घरी जा म्हटलं तर ती झोक्याच्या खांबाला धरून उभी राहिली, हलायला तयार नाही. मोठ्या बाईंनी फरशीवर खडूने दोन गोल काढले. एकात एक तृतीयांश, दुसऱ्यात एक चतुर्थांश.

"यातला मोठा कुठला? त्यात उडी मार."

धाकटीने दोन्हीकडे पाहिलं, तीनपेक्षा चार मोठा असा सरळ हिशेब केला आणि झोकदार उडी मारून एक चतुर्थांशात उतरली. मोठ्या बाईंनी हळहळून मान हलवली. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात खांबापासून रडका आवाज आला. "मोठ्या बाई, ती त्या दिवशी धावत नव्हती हो! भांडायला चालली होती!"

"काय?"

"सहावीच्या मुली आमचा नंबर मोडून झोक्यावर बसल्या होत्या," थोरली नाक ओढत म्हणाली. "मी गप्प बसले. ती त्यांच्या मागे लागली. प्रत्येकीला गाठून गाठून भांडली आणि आमचा नंबर परत घेतला."

अगं बाई! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पदर खोचला आणि धाकटीपुढे उभी राहिले.

"बरं का गं, उद्यापासून झोक्याचा नवा नियम. सुट्टीचा एक तृतीयांश वेळ थोरलीला, एक चतुर्थांश तुला. तूच म्हणतेस ना तुझा मोठा? मग मजा आहे तुझी."

"चालेल," ती म्हणाली. मग थबकली. "थांबा. चतुर्थांश म्हणजे सुट्टीचे चार सारखे तुकडे करायचे आणि मला त्यातला एक?"

"हो."

"आणि तिला तीन तुकड्यांतला एक?"

"हो. तीन लहानच की."

"लहान कसा?" कमरेवर हात गेले. "तीनच तुकडे केले तर एकेक तुकडा मोठा येणार! चार केले की बारीक होणार! ती थोरली म्हणून तिला जास्त आणि मी धाकटी म्हणून मला फसवता होय? आणि आमचे दोघींचे वाटे दिल्यावर उरलेली सुट्टी कुठे गेली?"

"किती उरली?" खुर्चीतून पुढे झुकत मोठ्या बाईंनी विचारलं.

ती फतकल मारून बसली, खडू हिसकावून घेतला, फरशीवर चौकोन आखले. रागाने कान लाल झाले होते. "हे बघा, सुट्टीचे बारा भाग करा. म्हणजे तिनांतही वाटता येतात आणि चारांतही. तिला चार भाग, मला तीन. पाच उरले! सगळ्यांत मोठा वाटा कुणालाच दिला नाही, आणि म्हणे गणिताच्या बाई!"

एरवी कुणी माझ्यावर असं ओरडलं असतं तर मी त्याची काही खैर ठेवली नसती. त्या दिवशी मात्र मला त्या कार्टीचा मुका घ्यावासा वाटला.

मोठ्या बाईंनी ते पाच चौकोन बोटाने मोजले. मग उठून त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या खांद्याची केशरी फीत सोडली. "वरून मला हिचे पाय दिसले," त्या म्हणाल्या. "तोंड काही ऐकू आलं नाही. आता भांडणाची फीत कुठल्या रंगाची द्यायची हो?"

"देऊच नका," मी म्हटलं. "आज भांडून शिकली, उद्या गाऊन शिकेल. सगळ्या वाटा मोकळ्या राहू देत की."

"ते सगळं नंतर ठरवा," धाकटी मध्येच म्हणाली. "मी पास की नापास ते आधी सांगा."

"पास, बाई, पास!" मोठ्या बाई इतक्या मोठ्याने हसल्या की खेळाचे सर धावत आले. त्यांनी लगोलग आपलीही फीत उतरवून घेतली. आता त्या सगळ्या फिती नकाशांच्या गुंडाळ्या बांधायला वापरतो. वर्गात गाणी, माती, उड्या सगळं चालतं, ज्याला जे हवं ते. आणि ज्यांना भांडायचं असेल त्यांच्यासाठी मी आहेच.

पाचवीचा वर्ग माझ्या वर्गाला लागूनच आहे. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी मी सहज डोकावले. दोघी एका बाकावर, थोरली खिडकीकडे. बाकावर खडूची ताजी रेघ होती. धाकटीने दोघींची हद्द आखली होती. पण रेघ मधोमध नव्हती. थोरलीच्या बाजूला चांगली चार बोटं जास्त जागा होती.

"काय गं," मी धाकटीला चिडवलं, "एवढी भांडून अपूर्णांक शिकलीस आणि अर्धं करता येत नाही?"

"येतं की," ती वहीतून मान वर न करता म्हणाली. "पण ती डावखुरी आहे ना, बाई. तिला कोपरासाठी जागा लागते."

माझे डोळे भरून आले. मग उगीचच आवाज चढवून मी दोघींना नीट ताठ बसायला सांगितलं आणि माझ्या वर्गात गेले.