ओळीओळीपुढं वैजयंतीचं नाव

वैजयंतीनं चूक पकडली, पण तोंडी सांगितली. तिथंच तिचा घात झाला.

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागांचे कंट्रोलर बनवणारी एक छोटी कंपनी आहे. मंद्रूपहून रोज एस.टी.नं येणारी वैजयंती तिथं तीन वर्षं कर्नलचं काम करायची. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम, बाकीच्या प्रोग्रॅमना कामं वाटून देणारा. लवकरच तिची नोकरी कायम व्हायची होती. तिचे साहेब राजस सर. तो कर्नल त्यांनी एकट्यानं लिहिलेला, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचेच.

मे महिन्यात माग मध्येच गोठायला लागले. वैजयंतीनं आठ दिवस मान मोडून शोधलं, तेव्हा सापडलं. दोन कामांनी एकाच वेळी एका गोष्टीला हात घालू नये म्हणून कर्नलमध्ये शंभरेक लॉक असतात. त्या लॉकची एक यादी असते, आणि यादीलाही स्वतःचं लॉक असतं. कुठलं लॉक अडकलंय हे बघायला सरांचा कोड ही यादी फिरायचा. पण पुढचं लॉक कुठलं हे आधी टिपून घ्यायचा, आणि हातातलं लॉक तपासेपर्यंत यादीचं लॉक सोडून द्यायचा. तेवढ्यात दुसऱ्या कामानं ते पुढचंच काढून टाकलं, की संपलं! बाजारात पुढचं दुकान हेरून ठेवावं, इथं भाव करत बसावं आणि वळून पिशवी पुढं करावी, तर दुकानदार गाशा गुंडाळून गेलेला. माणूस निदान परत फिरेल. यंत्र त्या मोकळ्या जागेतच हात घालतं आणि गोठतं.

मेल लिहिला असता तर सगळ्यांना दिसलं असतं. पण नोकरी सरांनीच दिलेली, चारचौघांत त्यांचं नाक कापायचं कशाला, म्हणून बाईसाहेब चहाच्या वेळी हळूच बोलल्या. ह्या भाबडेपणाला काय म्हणावं! सर हसले, शाबासकी दिली. दुरुस्ती करूच म्हणाले, पण आधी कोडची फाइल नीट मांडून नव्या सर्व्हरवर चढव, जुन्या बदलांच्या नोंदी आणू नकोस, लई पसारा झालाय. तिनं दोन दिवस बसून एकेक ओळ सरळ केली आणि फाइल चढवली. कुठली ओळ कुणी लिहिली ह्याची नोंद सर्व्हर ठेवतो. त्यानं मुकाट्यानं ओळीओळीपुढं तिचं नाव लावलं. दुरुस्तीचं विचारलं की सर म्हणायचे, पुढच्या आठवड्यात बघू. ती बरं म्हणून कामाला लागायची. नोकरी कायम व्हायची होती ना!

तिसऱ्या आठवड्यात, त्यांचेच कंट्रोलर बसवलेल्या एका कारखान्यात, मागावर काम करणाऱ्या अक्कम्माचा हात मागात अडकला. शेजारणीनं धावत जाऊन बंदचं बटण दाबलं, पण कंट्रोलर गोठलेला होता. अक्कम्माची दोन बोटं गेली.

चौकशीला कारखान्याकडून निवेदिता मॅडम आल्या. राजस सरांनी स्वतः स्क्रीन लावून दिली. जुना सर्व्हर गेल्याच आठवड्यात पुसला, जागा हवी होती, असं जाता जाता सांगितलं. वैजयंतीनं स्क्रीनकडं बघितलं, तर ओळीओळीपुढं तिचंच नाव. पण ह्यात नेमका बिघाड काय, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा तिला वाटलं, नीट समजावलं तर खरं काय ते कळेल. ती उठली. फळ्यावर यादी काढली. लॉक कुठं सोडलं, पुढचं कसं निसटलं, ते वापरात असल्याची खूण आधी करून मगच यादी सोडायला कशी हवी होती, सगळं सांगितलं. मग म्हणाली, हा कोड सरांचा आहे, मी त्यांना सांगितलं होतं.

"लिहून दिलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय. चहाच्या वेळी बोलले होते." गावाकडची बोली इतक्या वर्षांत ऑफिसात पहिल्यांदाच तिच्या तोंडून निसटली.

मला तरी आठवत नाही, असं सर शांतपणे म्हणाले.

मॅडमनी वही मिटली. आवाज चढवला नाही. "कोड कुणाचाही असू दे. तुम्हाला हे इतकं बारीक कळत होतं, आणि तरी तीन आठवडे माग चालू दिलेत?"

बाकी सगळं वैजयंतीवर खोटंच आलं होतं. एवढं एक मात्र खरं होतं.