रावजीने बसवलेले दात

रावजीला एक खोड आहे. मी समोर बसलेली असते आणि माझं बोलणं तो बोलतो. कापडवाल्याला म्हणेल, आयेला हे लुगडं नको. वैद्याला म्हणेल, आयेला झोप चांगली लागते. विचारलं मला, उत्तर ह्याचं. पोटचा मुलगा आहे, मुंबईला गिरणीत लागलाय. वर्षातून दोनदा रजेवर येतो, आणि आला की घरात बाकी कुणाला जीभ आहे हे विसरतो.

छप्पन सालच्या भादव्यात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय गेला आणि तोंड जांभ्या दगडावर आपटलं. वरचे पुढचे चारही दात गेले. रूपाचं मला काही नव्हतं. माझ्या वयाच्या विधवेकडे कोण बघतंय? पण आमच्या घरात भात वाळलं की नाही ते दातानं ठरतं. खळ्यात पसरलेल्या भातातला दाणा उचलायचा आणि पुढच्या दातांत धरायचा. कट्ट करून तुटला तर कणगीत भरायचं, चेपला तर अजून ऊन द्यायचं. सासूनं तो मान माझ्याकडे दिला. मी हो म्हणेपर्यंत कणगीला कुणी हात लावला नाही, माझ्या मालकानंसुद्धा नाही. तो मान दातांबरोबर विहिरीत टाकायची माझी तयारी नव्हती.

कापणीसाठी रावजी रजा काढून आला, तेव्हा त्याच्याबरोबर रत्नागिरीला दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं नीट समजावलं. गुलाबी पट्टीवर चार दात बसवून मिळतात. पट्टी टाळ्याला चिकटते, तारेचे आकडे बाजूच्या दातांत अडकतात, रात्री काढून पाण्यात ठेवायची. काम लवकर होतं, पण दाण्याबिण्याला ती डुगडुगेल. दुसरं म्हणजे दोन्हीकडचे सुळे तासायचे, त्यांवर सोन्याच्या टोप्या घालायच्या आणि मधले चार दात त्यांना जोडून घ्यायचे. चांगले सुळे तासावे लागतात, खेपा जास्त होतात, पण ते दात हलत नाहीत. दाणा फुटेल का, मी विचारलं. दाणा फुटेल, सुपारी फोडू नका, म्हणाला. परदेशात कुणी कुणी जबड्याच्या हाडातच धातूची खुंटी रोवून तिच्यावर दात बसवतात, असंही त्यानं वाचलं होतं. मी म्हटलं, कलमासारखं? तो हसला. म्हणाला, कलम जगतं तरी, ह्या खुंट्या कितीकांच्या हिरड्या पिकून बाहेर येतात, मी काही त्या वाटेला जाणार नाही.

मी तिथल्या तिथे सांगितलं, सुळे तासा. दुखलं तर दुखलं.

दुसऱ्या खेपेला माप घ्यायचं होतं. डॉक्टरनं गरम लगदा माझ्या तोंडात कोंबला आणि बोटांनी दाबून धरला. जीभसुद्धा हलेना. तेवढ्यात रावजी खुर्चीमागून म्हणाला, "डॉक्टर, पट्टीच करा. आयेला आता काय फोडायचंय? भात बघायला आमची मंडळी आहे." त्याची मंडळी म्हणजे माझी सून गंगा. मी हात वर केला. डॉक्टरला वाटलं दुखतंय. त्यानं माझा खांदा थोपटला, झालंच हां, आजी, म्हणाला. मी पाय आपटला तर रावजीनं माझा गुडघा धरून ठेवला.

लगदा निघाला तेव्हा तोंडातून लाळ गळत होती. परक्या माणसापुढे लेकाशी तंडायची आमच्यात रीत नाही. मी पदरानं तोंड पुसलं आणि जिना उतरले.

पट्टी आली. दिसायला मोत्यासारखी, आणि तोंडात धरली की दुसऱ्या कुणाची भाकरी चघळल्यासारखं वाटे. माशाचा काटा टाळ्याला लागला तर कळेना, आमटीची चव अर्धी. भात खळ्यात पसरलं होतं. मी दाणा धरला. पट्टी पुढून उचलली, दाणा खाली सरकून हिरडीत रुतला, आणि तो ओला की सुका हे काही समजेना. त्या दातांना जीवच नाही, सांगणार कोण? मी पट्टी काढली आणि दाणा दाढेखाली घातला. चेपला. म्हटलं, अजून दोन उन्हं द्या.

रावजीची मुंबईची बोट होती दुसऱ्या दिवशी. तो खो खो हसला. म्हणाला, आये, मऊ दाणा नाही, तुझं तोंड मऊ झालंय. मग गंगेला हाक मारली. तिनं दाणा चावला, नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, वाळलंय. संध्याकाळपर्यंत कणगी भरून तोंड शेणानं लिंपून झालं. मला कुणी विचारलं नाही.

शिमग्याला रावजी आला. घरातलं जुनं भात संपलं म्हणून त्यानंच कणगी फोडली. आत भात तापून काळं पडलं होतं, ढेकळं झाली होती, आंबूस वासानं ओटी भरली. पालखी दारात यायची म्हणून वाडीतली माणसं खळ्यात जमली होती. शेजारच्या बाबल्यानं विचारलं, असं कसं झालं? रावजी म्हणाला, काय करणार, आयेनं भरायला सांगितलं, तिला आता कळत नाही. गंगा खाली बघून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

मी ओटीवरून खळ्यात उतरले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"रावजी, मी ऊन द्या म्हटलं होतं आणि तू हसला होतास. डॉक्टरपुढे माझ्या तोंडात लगदा होता म्हणून तुझं चाललं. आज माझं तोंड मोकळं आहे. हे काळं भात निवडून अर्धं मुंबईला ने आणि पावसाळाभर तू खा, उरलेलं तुझ्या बायकोला घाल. शेतातला खालचा वाफा यंदापासून माझा. त्यातलं मी लावीन, मी वाळवीन आणि माझ्या वेगळ्या चुलीवर शिजवीन. तू मुंबईहून येशील तेव्हा पाव्हणा म्हणून ये. पाटावर बसवून जेवायला वाढीन. पण पाव्हण्यानं घरातलं काही ठरवायचं नसतं, आणि माझ्या नावानं तर एक शब्दही बोलायचा नसतो."