बावीस नंबरची झोप

डॉ. यशोधराच्या आईला लेकीचं काम कधीच पटलं नाही. "एवढी एम.डी. झालीस, इथे उल्हासनगरात, कॅम्प चारमध्ये दवाखाना टाकला असतास तर रांग लागली असती. आणि तू लोकांची झोप मोजत बसलीस," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायची. आता शरीरातलं घड्याळ, पाळ्या बदलल्या की ते कसं बिघडतं, मग बीपी, शुगर कसं मागे लागतं, हे कुणाला किती वेळा सांगायचं? यशोधरानं सांगणं सोडून दिलं होतं. सकाळी उल्हासनगरात ओपीडी, दुपारी संशोधन, अशी बारा वर्षं गेली. तीन शोधनिबंध परत आले. कारण एकच, माणसं कमी.

या खेपेला आनंदनगरच्या एका कारखान्यात चाळीस कामगार मिळाले. प्रत्येकाच्या मनगटावर झोप-जाग टिपणारं घड्याळ, चौदा दिवस. निदान तीस जणांची नोंद पूर्ण हवी, नाहीतर प्रकल्प बंद, असं पैसे देणाऱ्या संशोधन समितीनं लेखी कळवलं होतं. उसनी आणलेली घड्याळंही शनिवारी परत करायची होती.

दहाव्या दिवशी तिनं नोंदी उघडल्या आणि कपाळावर हात मारला. अकरा माणसं जवळजवळ झोपलीच नव्हती.

दुपारी तीनला ती तडक गेटवर पोचली. पाळी सुटत होती. बाहेर येणाऱ्यानं हेल्मेट काढलं, लॉकरची चावी काढली, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि सगळं आत जाणाऱ्याच्या हातात दिलं. त्यानं ते इमानदारीत घातलं.

"भगवानभाऊ, हे काय चाललंय?"

सुपरवायझर भगवान कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला, "मॅडम, तुम्हीच बोललात ना, ड्युटीवर घड्याळ काढायचं नाही. तिन्ही पाळ्यांत ज्याची ड्युटी त्याच्याकडे सामान. एक दिवस खाडा नाही."

खरंच ती तसं बोलली होती. आता डोकं कुणावर आपटायचं? बिचाऱ्यांनी जीव लावून तिचा सत्यानाश केला होता. वॉचमनच्या बाकड्यावर बसून तिनं अकरा नंबर लाल पेनानं खोडले. उरले एकोणतीस. एका माणसानं घोडं अडलं होतं.

भगवान यादीत डोकावला. "बावीस कशाला खोडला? महेंद्र कुणाला देत नाही घड्याळ. द्यायला माणूसच नाही, त्याच्या मशीनला रात्रपाळी नसते. दुसऱ्या पाळीचा सोडून गेला, तेव्हापासून दोन्ही पाळ्या हाच करतो. सकाळी सात ते रात्री अकरा, वर घरी जायला-यायला दोन-दोन तास."

म्हणजे ती तीन-तीन तासांची झोप खरी होती. तिसावा माणूस सापडला. यशोधराला इतका आनंद झाला की बाकड्यावरून ती उठूनच उभी राहिली.

दोन पाळ्यांच्या मधे महेंद्र टपरीवर चहा पीत होता. ग्लास टेकवून तो सारखं कपाळ दाबत होता. तिनं बॅगेतलं बीपीचं मशीन लावलं. दोनशे बाय एकशेवीस. तिनं पुन्हा लावलं. तेच.

"डोकं दुखतं?"

"महिना झाला. गोळी घेतो मी, मॅडम. चार दिवस राहिले ना तुमचे? बावीस नंबर पुरा करून देतो."

चारच दिवस. तेवढे गप्प बसलं की तीस पूर्ण. आता याला औषध दिलं, झोपवलं, की नोंद बाद. तिला स्वतःची शिसारी आली. आपण हा विचार करतोय, बीपीचं मशीन हातात धरून.

"घड्याळ काढा," ती म्हणाली.

"का? माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. चला, दवाखान्यात."

"माझी जागा भरतील, मॅडम. तुमचं काय जातंय?"

तिनं त्याचं मनगट हातात घेतलं. स्वतःच पट्टा सोडला, घड्याळ बॅगेत टाकलं. जाता जाता गेटवर भगवानला दम भरला, यांच्या जागेवर कुणाला घेतलं तर गाठ माझ्याशी आहे. भगवान मान डोलावत राहिला. ती मान किती खरी, तिला ठाऊक होतं.

रिक्षात महेंद्र मालकाला आणि तिला मिळून शिव्या घालत होता. चौक ओलांडायच्या आत त्याचा आवाज बंद झाला. ती दचकली, तिनं नाडी धरली. नाडी चालू होती. त्याला झोप लागली होती. मान हळूहळू कलली आणि तिच्या खांद्यावर आली.

बारा वर्षं गेली, प्रकल्प गेला. रागानं तिचे डोळे भरून आले. खांदा मात्र तिनं हलवला नाही.

"दादा," ती रिक्षावाल्याला हळू आवाजात म्हणाली, "खड्डे जरा चुकवून घ्या."