खळ्यावरची तिपाई

मी स्तोयनाबाईंची तिपाई बोलतेय. टेकायला पाठ नाही, हात ठेवायला दांडी नाही. नुसती एक फळी आणि तीन पाय. पण रोडोपीच्या डोंगरातल्या आमच्या दोन घरांच्या वाडीत हिवाळ्यातलं ऊन कुठे पडतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. हो, जरा मिजास आहे मला.

स्तोयनाच्या नवऱ्याने, रादोयने, मला बीच झाडाच्या लाकडातून घडवलं. तेव्हा त्यांचं नवीनच लग्न झालं होतं आणि तो शिशाच्या खाणीत कामाला होता. पुढे माझा एक पाय चिरला, तर त्याने त्याला खालच्या टोकाशी लोखंडी कडं ठोकून बसवलं. "आता ही माझ्याआधी मोडत नाही," तो म्हणाला. "मग तुझ्यामागे हिच्यावर बसून रडेन," बायको म्हणाली. दोघंही हसली होती.

हिवाळ्यात समोरच्या डोंगराची सावली आमच्या घरावर मुक्कामालाच असते. म्हणून सकाळचं काम उरकलं की स्तोयना मला काखोटीला मारून खळ्यावर नेते. तिथे घेवडा सोलत बसते आणि ऊन फिरेल तशी त्याच्याकडे पाठ करून मला सरकवते. मध्यंतरी मुलाने शहरातून पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची पाठवली. वर्षभर मी गोठ्यात पडून होते, कोंबड्या अंगाखांद्यावर बसायच्या. मग एका वादळात खुर्ची दरीत गेली आणि मी कामावर परत रुजू झाले. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

त्याच वादळात विजेचे खांबही आडवे झाले. दोन घरांसाठी ते पुन्हा कोण उभे करणार? जनरेटर आला. आता रादोयच्या छातीत खाणीची धूळ बसली आहे, आणि त्याला नाकात नळी घालून विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र लावून झोपावं लागतं. बर्फाने रस्ता बंद झाला की पेट्रोल येत नाही. पेट्रोल नाही तर यंत्र नाही. पुढचं घरात कुणी बोलत नसे.

ऑक्टोबरात मुलगा आला. आसेन खाली प्लोवदिव शहरात इलेक्ट्रिशियन आहे. येताना वही घेऊनच आला.

"घर सौर विजेवर चालतं का बघतो," तो म्हणाला. "जानेवारीचा हिशोब जमला तर राहा. नाही जमला तर दोघांनी माझ्याकडे यायचं. मग हुज्जत नको."

"चौथ्या मजल्यावर येऊन मी काय करू?" रादोय खिडकीतून म्हणाला. "कबुतरं मोजू?"

आसेन माझ्यावरच बसला आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहू लागला. दिवे किती, रेडिओ किती तास, पाण्याचा पंप, फ्रिज, आणि सगळ्यांत मोठं ते यंत्र.

"आई, हिवाळ्यात फ्रिज बंद ठेवशील?"

"हिवाळ्यात सगळं घरच फ्रिज असतं. कर बंद."

मग त्याने मोबाईल डोंगराकडे धरून छपरावर कधी किती ऊन येईल ते पाहिलं. पुष्कळ वेळ खाडाखोड केली. त्याचा भार माझ्यावर वाढल्यासारखा वाटला.

"छपरावर जानेवारीत जेमतेम तासभर ऊन आहे," तो शेवटी म्हणाला. "बॅटऱ्या भरणारच नाहीत. यंत्र पहाटेपर्यंत टिकायचं नाही. आई, सामान बांधायला घे."

"खळ्यावर असतं की ऊन. साडेनऊपासून अडीचपर्यंत."

"तुला इथून हलायचं नाही, म्हणून तू रात्रीसुद्धा ऊन असतं म्हणशील."

हे तिला लागलं. ती "ऊठ" म्हणाली, मला त्याच्याखालून ओढून घेतलं आणि चालू लागली. तोही मागोमाग आला.

खळ्याच्या कडेला माझ्या पायांच्या खुणा आहेत. वितळत्या बर्फाच्या चिखलात पाय रुतायचे, उन्हाळ्यात ती माती दगडासारखी व्हायची. तीन-तीन खळग्यांची वाकडी रांग, आणि प्रत्येक तिकडीत एक खळगा लोखंडी कड्याच्या आकाराचा गोल. स्तोयनाने मला पहिल्या तिकडीत ठेवलं. पाय बरोबर बसले.

"साडेनऊ," ती म्हणाली. मग मला उचलून पुढे ठेवलं. "साडेदहा." असं करत ती अडीचपर्यंत गेली.

आसेन गुडघ्यावर बसला. कड्याच्या खुणेत बोट फिरवून त्याने वर पाहिलं. डोंगराच्या धारेला नेमकी तिथे खिंड आहे, ऊन तिच्यातून खळ्यावर येतं. घरातून ती दिसत नाही. त्याने पुन्हा मोबाईल धरला.

"पाच तास," तो म्हणाला. "घरापर्यंत तार लांब पडेल, जाड घ्यावी लागेल. पण जमतंय."

"मोबाईलला पटलं ना? मग झालं."

नोव्हेंबरात खांब रोवले. माझ्या खळग्यांतच काँक्रीट ओतलं आणि वर सौर विजेची काळी तावदानं बसवली. आसेन ओशाळून म्हणाला, "आई, तुझी बसायची जागा गेली." ती म्हणाली, "ऊन कुठे जातंय? रात्री आतच येणार ना, तुझ्या बापापाशी."

खरं सांगते, मला त्या खळग्यांचं फार वाईट वाटलं.

आता जानेवारी आहे. रस्ता बंद होऊन अकरा दिवस झाले आणि यंत्र एकदाही थांबलेलं नाही. पण बर्फ तावदानांवर पडतो आणि स्तोयना पडली ठेंगणी. ती मला खळ्यावर आणते, माझ्यावर उभी राहते आणि झाडूने बर्फ लोटते. परवा मुलाचा फोन आला. "आई, त्या तिपाईवर चढायचं नाही हं."

"नाही रे, कशाला चढते," माझ्यावर उभी राहून ती म्हणाली.

झाडून झालं की ती घराकडे वळून बघते. खिडकीत रादोय हात वर करतो. मगच ती खाली उतरते.

माझं कडं सैल झालंय. तिने पाय टाकला की ते हलतं, आणि मी सगळा जीव दोन पायांत आणून तिला धरते. रादोयला आता वाकवत नाही, आणि स्तोयनाच्या ते लक्षात आलेलं नाही. चालत वर वाडीत येणारं कुणी असेल तर एक हातोडी घेऊन या आणि ते कडं घट्ट ठोकून द्या. अजून सगळा फेब्रुवारी जायचा आहे.