मंगलचा दम

मंगलची आजी दोनदा वारली, आणि दोन्ही वेळा जानेवारीत.

चारुशीलाबाईंच्या हे लक्षात आलं ते हजेरीचं जुनं रजिस्टर चाळताना. साताऱ्यातल्या एका कॉलेजात त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. मुलींचा खो-खोचा संघ त्यांनी आठ वर्षं खपून उभा केला होता आणि त्यातली सगळ्यात चपळ पोरगी म्हणजे मंगल. जतकडची, मेंढपाळाच्या घरातली, कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी. सत्त्याण्णवच्या जानेवारीत आजी वारली म्हणून ती तीन दिवस घरी गेली होती. आता अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत त्याच कारणाचा अर्ज पुन्हा टेबलावर आला होता.

एरवी बाईंनी हसून सोडून दिलं असतं. पण मागच्याच आठवड्यात सांगलीच्या संघाविरुद्धचा सामना हातचा गेला होता, तो मंगलमुळे. पहिल्या डावात ती साडेतीन मिनिटं कुणाच्या हाती लागली नव्हती. दुसऱ्या डावात अर्ध्या मिनिटात बाद. पाय घसरला नाही, हुलकावणी चुकली नाही. ती नुसती खांबाला धरून उभी राहिली आणि सांगलीच्या मुलीनं येऊन तिच्या पाठीला हात लावला.

"बाई, ती मुद्दाम बाद झाली," संघाची कप्तान ऋचा म्हणाली. "सामन्याआधी त्यांच्या मुलींशी गप्पा मारत होती. तिच्याच भागातल्या ना त्या."

"उगाच काहीतरी बोलू नकोस," बाईंनी तिला गप्प केलं. पण शंका काही गप्प बसेना.

सामन्यापासून त्या मंगलवर नजर ठेवून होत्या. सरावात ती पहिली वीस मिनिटं कुणाला आवरायची नाही. मग तिच्या बुटाची नाडी सुटायची. रोज सुटायची. खाली बसून ती बांधायला तिला दोन-दोन मिनिटं लागायची. एकदा बाई मागून जाऊन उभ्या राहिल्या, तर नाडीची गाठ पक्की होती.

"काय गं, काय चाललंय?"

"काय न्हाई बाई. खडा गेलता आत."

तिच्या कपाळावर घाम होता, आणि हवा तर गार होती.

वसतिगृहात चौकशी केली तेव्हा खोलीतल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी एकजण म्हणाली, ती हल्ली जेवत नाही, सकाळी मळमळतं म्हणते. बाई मनात एकेक गोष्ट जुळवू लागल्या. एकोणीस वर्षांची पोर, खोटे अर्ज, वर्षाच्या ठरावीक वेळी सांगलीकडे फेरी, आणि आता हे. त्यांनी अर्जावर मुकाट्यानं सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल चढली त्याच एसटीत मागच्या बाकावर तोंडाला पदर लावून बसल्या. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं. आपण हे काय करतोय, याची त्यांना वाटेत दोनदा लाज वाटली. तरी त्या उतरल्या नाहीत.

सांगली स्टँडवर मंगल जतच्या गाडीकडे वळलीच नाही. ती रिक्षात बसली. बाईंनी दुसरी रिक्षा केली. पुढची रिक्षा एका दवाखान्यासमोर थांबली तेव्हा बाईंना वाटलं, आता आपल्याला काही विचारायचंच उरलं नाही.

आत व्हरांड्यात एक बाई बाकड्यावर बसली होती. डोक्यावर पदर, कपाळाला भंडारा, मांडीवर कापडी पिशवी. मंगल तिच्या शेजारी टेकली आणि मान वर केली, तर समोर चारुशीलाबाई.

"बाई, तुमी?"

"तुझ्या आजीला भेटायला आले. कुठे आहेत?"

मंगल धडपडत उभी राहिली. शेजारची बाई, म्हणजे तिची आई धोंडुबाई, हिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "म्हातारी घरी हाय की," ती म्हणाली. "मेंढरांमागं गेली असंल. तुमी कोन?"

कॉलेजातल्या बाई म्हटल्यावर धोंडुबाईचा चेहरा बदलला. तिनं त्यांना हाताला धरून भिंतीकडे नेलं. "आवं बाई, कुनाला सांगू नगासा. पोरीला सातव्या वर्सी रगताचा कॅन्सर झालता. मुंबईला दोन वर्सं काडली आमी. आता काय बी न्हाई. वर्साला येकदा दाखवाय यायचं, बास. पन भायेर कळलं तर तिला करून कोन घील?"

बाईंना आधी सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटली. आणि मग तो खांब आठवला, ती नाडी आठवली, आणि नवीच शंका आली. आजार गेलाय, तर पोरीला दम का लागतो?

डॉक्टर अपूर्वा मगदूम यांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, "छान," म्हणाल्या आणि नेहमीचे प्रश्न विचारले. ताप? नाही. वजन? ठीक. दम लागतो?

"न्हाई," मंगल म्हणाली.

"लागतो," दारातून चारुशीलाबाई म्हणाल्या.

मंगलनं त्यांच्याकडे असं बघितलं, की बाईंना ती नजर पुढे बरेच दिवस विसरता आली नाही. पण त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मंगलच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबला, उचलला, आणि पडलेला खळगा बघत राहिल्या. हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफीसारखा हलता फोटो, त्याच दुपारी काढला. काळ्या पडद्यावर राखाडी काहीतरी हलत होतं. बाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते सावकाश हलतंय एवढं दिसत होतं.

"लहानपणी तुला लाल रंगाचं औषध दिलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्यानंच आजार हटला. पण काही मुलांमध्ये ते हृदयाचे स्नायू दुबळे करतं, आणि ते कळायला दहा-दहा वर्षं लागतात. तुझं हृदय पुरेसं रक्त ढकलत नाहीये. दम, सूज, मळमळ, सगळं त्यामुळेच."

धोंडुबाई गर्रकन बाईंकडे वळली. "तुमीच! पळवून पळवून माज्या लेकीचं काळीज खराब केलंसा!"

चारुशीलाबाईंनाही तेच वाटत होतं.

"खेळानं हे झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्रास होत असताना तो लपवून पळणं जिवावर बेतलं असतं. सामने बंद. गोळ्या सुरू."

"मग आता निजून ऱ्हायाचं?" मंगलनं विचारलं. डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. "मुंबईत लय निजलीया मी."

"निजायचं मुळीच नाही. महिनाभर गोळ्या घे. मग मी तपासून सांगितलं की चालायचं, रोज. चालताना सलग बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं. आणि दम लागला तर लागला म्हणायचं."

धोंडुबाई जतला परतली. साताऱ्याच्या गाडीत मंगल खिडकीकडे तोंड करून बसली. कऱ्हाड आलं. मग म्हणाली, "तुमी माज्या मागावर आलता."

"हो."

"मी सांगलीला फितूर झाली आसं वाटलं?"

"ते वाटलं. त्याहून वाईटही वाटलं. चुकले मी."

मंगलनं त्यांना माफ केलं की नाही, ते त्या प्रवासात कळलं नाही. पण वसतिगृहात पोचल्यावर तिनं ऋचाला खोलीत बोलावून सगळं स्वतःच सांगितलं. ऋचा बाहेर आली ती रडवेली होऊन.

मार्चपासून मंगल आणि चारुशीलाबाई मैदानाला फेऱ्या मारू लागल्या. आधी एक, मग दोन. मंगल चालता चालता संघातल्या मुलींच्या चुका सांगायची आणि बाई तिचं वाक्य कुठे तुटतं तिकडे कान ठेवून असायच्या. दोनदा त्यांनी तिला बळंच पायरीवर बसवलं, तेव्हा ती दिवसभर फुगून बसली. जूनमध्ये पुन्हा फोटो काढला. हृदय आधीपेक्षा थोडं बरं काम करत होतं. डॉक्टरांनी अर्ध्या तासाच्या चालण्याला परवानगी दिली, सामन्यांना नाहीच.

त्या आठवड्यात धोंडुबाई न सांगता साताऱ्याला आली. सकाळी मैदानाच्या कडेला पिशवी घेऊन उभी राहिली आणि डोळे बारीक करून लेकीची प्रत्येक फेरी बघत राहिली. चौथ्या फेरीला मंगल सोबत चालणाऱ्या ऋचाशी जोरजोरात भांडत होती, कुणी कुणाला उशिरा खो दिला यावरून.

धोंडुबाई चारुशीलाबाईंजवळ आली. "खरं सांगा बाई. ह्ये चालन्यानं पोरीचं बरं हुतंय, का माजी समजूत घालताय?"

"डॉक्टर म्हणतात गोळ्या आणि चालणं, दोन्हीनं. मला त्यातलं पुरतं कळत नाही. पण ती आता पाच फेऱ्या बोलत पूर्ण करते. मार्चमध्ये एकीत थांबायची."

धोंडुबाईचा अजून विश्वास बसलेला नव्हता. तिनं पिशवी पायरीवर ठेवली, पायातल्या वहाणा काढल्या, पदर खोचला आणि लेकीच्या बरोबरीनं पाचव्या फेरीला लागली.